देखभालीच्या घामाचेही दाम



जिल्हा बैठकीची विषयपत्रिका आता आपल्या सगळ्यांना तोंडपाठ झाली आहे. कापसाचा भाव, सोयाबीनची खरेदी, पीकविमा, कर्ज, वीज. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले आणि सप्टेंबरात अतिवृष्टीने उभे पीक नेले, तेव्हापासून तर या विषयांना रात्र पुरत नाही. हे विषय मागे पडावेत असे माझे म्हणणे नाही. पण गेली काही वर्षे एक गोष्ट ध्यानात येते आहे. बैठक संपते, चहा होतो, माणसे उठायला लागतात, आणि मग एखादा सत्तरीचा म्हातारा बाजूला घेऊन हळूच विचारतो, "आमच्या माघारी याचं कसं?"

'याचं' म्हणजे घरातल्या त्या लेकराचं. लेकरू म्हणायचे, पण वय पस्तीस, चाळीस. कोणाला जन्मापासून समज कमी, कोणाचे हातपाय लुळे, कोणाला फिट येतात, कोण अंथरुणातून उठत नाही. न्हाऊ घालणे, भरवणे, कपडे बदलणे, रात्री कूस बदलून देणे, सगळे आईबापाने करायचे. आईची कंबर गेलेली, बापाला मोतीबिंदू. त्यांना स्वतःच्या मरणाची भीती नाही. भीती आहे ती लेकराच्या आधी मरण येईल याची. किती तरी आया देवापुढे हात जोडून एकच मागणे मागतात, की माझ्या आधी याला ने. स्वतःच्या लेकराचे मरण मागायची वेळ आईवर येते, तिथे प्रश्न एका घराचा राहत नाही. तो विषयपत्रिकेवर यायला हवा आणि चर्चा संपून ठराव झाला पाहिजे. म्हणून हा लेख.

हा प्रश्न किती घरांचा?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंगांची नोंद झाली. लोकसंख्येच्या शेकडा २.६४. तेव्हा आपल्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. राज्याचे प्रमाण जसेच्या तसे लावले तरी आकडा ३१ हजारांच्या आसपास जातो. जिल्ह्यात गावे सातशेच्या आसपास. म्हणजे गावामागे चाळीस-पंचेचाळीस माणसे. त्यात एका डोळ्याने अधू असलेला आणि काठी घेऊन शेतात जाणारा हेही आले. त्यांना सोडून द्या. ज्यांना सकाळपासून रात्रीपर्यंत दुसऱ्या माणसाचे हात लागतात अशी दोन-चार घरे तरी आपल्या गावात आहेत की नाहीत, हे डोळे मिटून आठवून पाहा. ती घरे आठवायलाही वेळ लागेल, कारण ती माणसे लग्नात दिसत नाहीत, सप्त्यात दिसत नाहीत, ग्रामसभेत तर नाहीच.

आणि ही मोजणी जुन्या व्याख्येच्या काळातली. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. म्हणजे कायद्यानेच कबूल केले की आधीचे माप अपुरे होते.

पूर्वी ही लेकरे फार जगत नसत. आता औषधे आली, दवाखाना जवळ आला, लेकरू चाळीस-पन्नास वर्षे जगते. ही चांगली गोष्ट आहे. पण ज्या काळात लेकरांचे आयुष्य वाढले त्याच काळात त्यांना सांभाळणारे घर मोडले. पूर्वी वाड्यात चुलत्या होत्या, आजी होती, सालदार होता. कोणी ना कोणी लेकराजवळ असे. आज २० एकराच्या वाटण्या होऊन दोन-अडीच एकर वाट्याला आले. धाकटा पुण्याला कंपनीत, थोरला नांदेडला. कोरडवाहू शेतीत दोन पिढ्यांचे पोट भरत नाही म्हणून ते गेले; आईबापाला टाकून जायची हौस कोणाला नव्हती. गावात उरले म्हातारा, म्हातारी आणि ते लेकरू. म्हणजे कापसाच्या भावाचा प्रश्न आणि या म्हाताऱ्यांचा प्रश्न, दोन्हींचे मूळ एकच आहे.

अठरावे वर्ष धोक्याचे

कायद्याने दिव्यांग मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. विशेष शाळा आहेत, वसतिगृहे आहेत, अनुदान आहे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की शाळा म्हणते, घेऊन जा. ज्या मुलाची समज पाच वर्षांच्या लेकराइतकी आहे, तो एका रात्रीत कागदोपत्री प्रौढ होतो. निसर्गाने त्याला अठरावे वर्ष दिलेले नाही, कागदाने दिले आहे.

हे दुखणे सगळ्यात आधी आणि मोठ्याने कोणी मांडले असेल तर अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी. बेवारस टाकून दिलेली दिव्यांग लेकरे त्यांनी गोळा केली, शंभरावर लेकरांना स्वतःचे आडनाव दिले. नियम सांगतो की अठरा वर्षांनंतर मुलाने बालगृह सोडले पाहिजे. शंकरबाबा वर्षानुवर्षे विचारत आले आहेत की सोडून जाईल कुठे? या मुलांना आजन्म राहता येईल असा कायदा करा, ही त्यांची मागणी. २०२४ मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री दिली. पदक देणे सोपे असते.

ज्यांच्याजवळ थोडा पैसा आणि शहाणपण होते अशा शहरांतल्या आईबापांनी वाट काढली. बदलापूरला 'आधार' ही संस्था मतिमंद मुलांच्या पालकांनीच उभी केली. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनीच 'घरकुल' उभे केले. आपल्या मराठवाड्यात लातूरजवळ हरंगुळला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी 'संवेदना' हे केंद्र चालते. ही कामे मोठी आहेत. पण सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या कोरडवाहू शेतकऱ्याने बदलापूरपर्यंत जायचे कसे, आणि महिन्याचा खर्च भरायचा कशातून? त्याच्या लेकराचे घरकुल त्याच्या गावात, नाही तर त्याच्या तालुक्यात हवे.

न कापता केलेली कपात

आता पैशाचे बघू. इंग्लंडात २०२५ मध्ये सरकारने दिव्यांगांच्या भत्त्यात कपात करणारे विधेयक आणले. आणले ते उघड आणले, म्हणून लोकांना लढता आले. सत्ताधारी पक्षाच्याच खासदारांनी बंड केले आणि जुलैमध्ये कपातीचा मुख्य भाग मागे घ्यावा लागला. आपल्याकडची कपात अशी दिसत नाही. आकडा आहे तिथे ठेवायचा आणि महागाईला तिचे काम करू द्यायचे.

केंद्र सरकारची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ मध्ये सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्क्यांच्या वर अपंगत्व असलेल्या माणसासाठी. केंद्राचा वाटा आधी महिना २०० रुपये होता, २०१२ मध्ये ३०० केला. त्यानंतर हा आकडा हललेला नाही. योगायोग असा की सरकारचा ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ सालच धरून काढत. त्या वर्षी १००, तर २०२५ मध्ये तो १९० च्या पुढे गेला. म्हणजे २०१२ चे ३०० रुपये आज दीडशेच्या आसपास उरले. अर्धी कपात झाली. कोणी सही केली नाही, कोणी विधेयक आणले नाही, कोणी बंडही केले नाही.

हमीभावाशी ताडून बघा. हमीभाव किती कंजूष असतो हे आपल्याला कोणी सांगायला नको. तरीसुद्धा २०१२-१३ मध्ये मध्यम धाग्याच्या कापसाला ३६०० रुपये होते, २०२५-२६ मध्ये ७७१० झाले. हायब्रीड ज्वारी १५०० ची ३६९९ झाली. ज्या हमीभावाला आपण तीस वर्षे शिव्या देतो, तो दुपटीच्या वर गेला. ज्या माणसाला स्वतःच्या हाताने पाणी पिता येत नाही, त्याचे ३०० जागच्या जागी.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा राबवण्यासाठी केंद्राची एक योजना आहे. तिची तरतूद २०२२-२३ मध्ये २४० कोटींची होती. २०२३-२४ ला १५० कोटी झाली. २०२५-२६ ला ११५ कोटींच्या आसपास आली. कायदा मोठा केला, पैसा निम्म्याहून कमी केला. दरम्यान 'अपंग' या शब्दाच्या जागी 'दिव्यांग' शब्द आला. नाव बदलायला पैसा लागत नाही.

राज्याकडे बघा. संजय गांधी निराधार योजना १९८० पासूनची. २०१९ मध्ये तिचे मानधन १००० झाले, २०२३ मध्ये १५०० आणि दिव्यांगांसाठी ते २५०० करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. हे आपसूक झालेले नाही. त्या आधी, जून २०२५ मध्ये, बच्चू कडू यांनी मोझरीला अन्नत्याग केला होता. शेतकऱ्याची कर्जमाफी आणि दिव्यांगाला दरमहा ६००० या मागण्या त्यांनी एकाच उपोषणात ठेवल्या. शेतकरी आणि दिव्यांग एका मांडवात बसले की सरकार हलते, एवढा धडा आपण त्यातून घ्यायचा.

२०१६ च्या कायद्याचे २४ वे कलम सांगते की इतरांना जी मदत दिली जाते त्यापेक्षा दिव्यांगाची मदत किमान २५ टक्के जास्त असली पाहिजे. इतर निराधारांना १५००, तर दिव्यांगाला १८७५ हवेत. पण २०२३ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत दोघांनाही सारखेच १५०० दिले गेले. कायदा करणाऱ्यालाच कायद्याची आठवण करून द्यावी लागते.

१६१ दिवसांचे गणित

हे मानधन तरी सगळ्यांना मिळते का? अट अशी आहे की दिव्यांगाच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत असावे. आता पाटी-पेन्सिल घ्या. रोजगार हमीचा २०२५-२६ चा महाराष्ट्रातला दर ३१२ रुपये. १६० दिवसांचे ४९,९२० होतात. घरातला एकच माणूस १६१ दिवस सरकारी दराने मजुरीला गेला की उत्पन्न ५०,२३२ आणि लेकराचे मानधन बंद! वर्षाच्या बाकीच्या २०४ दिवसांत त्या घराने काय खायचे ते सरकारने लिहिलेले नाही.

म्हाताऱ्या आईबापासाठी श्रावणबाळ योजना आहे, तिची मर्यादा २१ हजार. ती ६८ व्या दिवशी संपते. लाडक्या बहिणीचे १५०० आईला मिळत असतील, तर ते वयाच्या ६५ पर्यंत. म्हणजे जेव्हा कंबर मोडते, जेव्हा लेकराला उचलणे जमत नाही, नेमके तेव्हा तिचे नाव यादीतून जाते.

इतक्या कमी मर्यादेचा अर्थ एकच होतो. दाखला खोटा असल्याशिवाय मानधन मिळत नाही. आणि दाखला खोटा म्हटला की प्रत्येक लाभार्थी कायमचा गुन्हेगार, तलाठ्यापासून दलालापर्यंत सगळ्यांच्या दयेवर. एखाद्या वर्षी फेरतपासणी निघाली की ज्याला वाचवणारा कोणी नाही त्याचेच नाव पहिले कटते.

शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला. जो उठून बसत नाही त्याला भाड्याच्या गाडीत घालून तालुक्याला न्यायचे, तो जिवंत आहे हे दाखवायला! आधारला बोटाचे ठसे उमटत नाहीत, डोळा स्थिर राहत नाही, म्हणून खाते जोडले जात नाही आणि पैसे अडकतात. अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढायला जिल्ह्याचा दवाखाना, ठरलेला दिवस, रांग. दोन माणसांचा रोज बुडतो, गाडीचे भाडे वेगळे. तलाठी पंचनाम्याला बांधावर येऊ शकतो, तर हयातीच्या दाखल्याला दारात का येऊ शकत नाही?

भीक नको, हे खरेच

आता एक आक्षेप. आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतील, आपली चळवळ 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणणारी. मानधन, अनुदान मागणे आपल्या तोंडी शोभते का? आपण भावाचे बोलावे, भाव मिळाला तर प्रत्येक घर आपापले लेकरू सांभाळील.

आक्षेप सरळ आहे, उत्तरही सरळ देतो. भाव मिळाला तर बरेच प्रश्न सुटतील, हे मान्य. पण कापसाला बारा हजार मिळाले तरी वेचणीच्या दिवसांत त्या आईला शेतात जाता येणार नाही, ती लेकराजवळच बसणार. ज्याच्या वावरात कापूस फुटून लोंबतो आहे आणि घरातले वेचणीचे हात लेकराने अडकवले आहेत, त्याला भाववाढीचा लाभ दुसऱ्याच्या निम्मा. काही आया अंधारात उठतात, लेकराला भरवतात, बाजेला दाव्याने बांधतात आणि वेचणीला जातात. दुपारी धावत येऊन बघतात. शेजारी म्हणतात, काळीज दगडाचे आहे. काळीज दगडाचे नाही, दुसरा इलाज नाही म्हणून दावे आहे.

आणि मुख्य मुद्दा. देखभाल हे काम आहे की नाही? मी शेतकी पदवीधर. पिकाचा उत्पादन खर्च काढायला आम्हाला शिकवले, त्यात घरच्या माणसांची मजुरीही धरायची असते. हमीभाव ठरवताना ती धरावी म्हणून आपण भांडत आलो. घरच्या माणसाने वावरात निंदले तर ते फुकट नाही, हे आपण सरकारला पटवले. मग त्याच माणसाने घरात लेकराला उचलले, धुतले, भरवले तर ते फुकट कसे?

दिवसातला निम्माच वेळ धरू, रात्रीचे जागरण सोडून देऊ. ३१२ चे निम्मे १५६. महिन्याचे ४६८० रुपये. सरकारच्या स्वतःच्या, अकुशल कामाच्या दराने. या आईने हे काम सोडले आणि लेकरू सरकारच्या दारात नेऊन ठेवले तर सरकारला याच्या किती तरी पट खर्च येईल. म्हणजे ही म्हातारी दर महिन्याला सरकारचा खर्च वाचवते आहे. अनुदान कोण कोणाला देते आहे, ते नीट बघा. सरकार शेतकऱ्याला देत नाही. शेतकऱ्याची बायको सरकारला देते आहे. आपण भीक मागत नाही, थकलेली मजुरी मागतो आहोत.

हे मी नवीन काढलेले नाही. त्याच २४ व्या कलमात लिहिले आहे की ज्या दिव्यांगाला जास्त आधाराची गरज आहे त्याला देखभाल करणाऱ्यासाठी भत्ता द्यावा. केरळने 'आश्वासकिरणम' योजनेत देखभाल करणाऱ्यासाठी महिना ६०० रुपये ठेवले. रक्कम लहान आहे, पण देखभाल हे काम आहे हे तत्त्व मान्य केले. तेलंगणात दिव्यांगाला २०२३ पासून ४०१६ रुपये. आंध्रात जुलै २०२४ पासून ६०००, आणि अंथरुणाला खिळलेल्याला १५,०००. आंध्रातही २०२५ मध्ये फेरतपासणी निघून अनेकांना नोटिसा गेल्या. म्हणजे नुसता आकडा मोठा होऊन भागत नाही, राखणही करावी लागते. पण देगलूरच्या पलीकडच्या गावात ४०१६ देता येतात, तर अलीकडच्या गावात का नाही, याचे उत्तर मुंबईने दिले पाहिजे.

पैसा कुठून आणायचा, असे विचारतील. नोकरदारांच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारत नाही. केंद्र सरकारच्या नोकराचे मूल दिव्यांग असेल आणि कमावू शकत नसेल, तर आईबापाच्या माघारी त्याला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. किमान ९००० रुपये आणि वर महागाई भत्ता. अशा मुलाची देखभाल करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला २०१४ पासून नेहमीच्या बदलीतून सूट आहे. जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्याला ७५ हजारांची, तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे. हे सगळे योग्य आहे, त्यांचे काढून घ्या असे कोणी म्हणू नये. मात्र 'आमच्या माघारी याचं कसं' हा प्रश्न सरकारला कळतो, हे यावरून सिद्ध झाले. तो फक्त शेतकऱ्याच्या तोंडून ऐकू येत नाही.

एका गोष्टीपासून सावध राहा. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी लाडकी बहीण योजनेकडे वळवले म्हणून खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर तक्रार केली. तो पैसा अनुसूचित जातींच्या वाट्याचा होता. उद्या तुम्हाला सांगतील, बहिणीला दिले म्हणून दिव्यांगाला नाही, दलिताला नाही. या भांडणात पडू नका. घरातली बहीण आणि दिव्यांगाची आई एकच बाई असते.

सातबाऱ्यावरचे नाव

पैशाइतकाच मोठा प्रश्न जमिनीचा. बापाच्या माघारी वारस नोंद होते तेव्हा दिव्यांग मुलाचे नाव गळते. भाऊबंद म्हणतात, त्याला काय कळते, आम्हीच सांभाळणार आहोत. काही सांभाळतात. काही जमीन ठेवून घेतात आणि माणूस मंदिराच्या ओट्यावर जातो.

मायबहिणींनो, हे पक्के लक्षात ठेवा. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, कलम २८. रोग, व्यंग किंवा अपंगत्व आहे म्हणून कोणाचाही वारसा बुडत नाही. मतिमंद मुलाचा, मतिमंद मुलीचा हिस्सा इतरांइतकाच. ज्याला कागद कळत नाही त्याचा अंगठा घेऊन केलेले हक्कसोडपत्र कोर्टात टिकणे अवघड.

पण लढायला कोणी तरी हवे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की आईबापसुद्धा आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने सोय केली आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. ती पालक नेमून देते, आणि पालक नीट वागला नाही तर त्याला काढूही शकते. अर्ज आईबाप जिवंत असतानाच करावा. सोबत मृत्युपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे आणि त्यात लेकराचा हिस्सा व सांभाळणाऱ्याचे नाव स्पष्ट लिहावे. त्याच न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना या चार प्रकारांना वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण देते. पेरणीआधी आपण बियाण्याची तजवीज करतो. ही तजवीज त्याहून आधीची.

आपल्या हातात काय?

सरकारकडे मागायचे ते मागूच. पण काही गोष्टी गावाच्या हातात आहेत.

पहिली गोष्ट सावड. वेचणीला, सोंगणीला आपण सावड करतो. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. याच रीतीने गावातल्या पाच-सहा बायांनी आठवड्यातला एकेक दिवस वाटून घ्यावा. त्या दिवशी दिव्यांग लेकराजवळ एकीने बसायचे आणि त्याच्या आईने शेतात जायचे, दवाखान्यात जायचे, माहेरी जायचे, नाही तर नुसते झोपायचे. त्या बदल्यात त्या घराने वेचणीचा रोज फेडावा, किंवा गावाने माफ करावा. शहरात याला मोठी नावे आहेत. आपल्याकडे नाव आणि रीत दोन्ही आधीपासून आहेत. फक्त ती वावरातून घरात आणायची.

दुसरी गोष्ट ग्रामपंचायतीची. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करणे बंधनकारक आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उभे राहून विचारा, मागच्या वर्षी हे ५ टक्के किती झाले आणि कोणाला गेले? लहान गावात रक्कम लहान असेल. एक चाकाची खुर्ची, एक पाण्याची गादी, संडासाला एक कठडा, एवढे त्यातून होते. अंगावर जखमा पडलेल्या माणसाला ती गादी म्हणजे झोप असते.

तिसरी गोष्ट यादीची. संघटनेच्या प्रत्येक शाखेने आपल्या गावातल्या अशा घरांची यादी करावी. वय, प्रमाणपत्र आहे की नाही, मानधन मिळते की नाही, सांभाळणाऱ्याचे वय, त्याच्या माघारी कोण. सरकारची मोजणी येईल तेव्हा येईल. आपली मोजणी एका रविवारी होते.

ठराव

येत्या जिल्हा बैठकीपुढे हे ठराव ठेवावेत, असे मी सुचवतो.

१. २०१६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे, पूर्णवेळ देखभाल लागणाऱ्या दिव्यांगाच्या घरी देखभाल भत्ता सुरू करावा. तो रोजगार हमीच्या निम्म्या मजुरीपेक्षा कमी नसावा, आणि मजुरीचा दर वाढला की तोही वाढावा.

२. केंद्राचे ३०० रुपये २०१२ पासूनच्या महागाईप्रमाणे तातडीने वाढवावेत.

३. ५० हजारांची उत्पन्न मर्यादा रद्द करावी. तीव्र दिव्यांगाच्या मानधनाला घराच्या उत्पन्नाची अट नसावी.

४. हयातीचा दाखला, आधार आणि प्रमाणपत्राची फेरतपासणी अंथरुणाला खिळलेल्यांच्या दारात व्हावी.

५. प्रत्येक तालुक्यात अठरा वर्षांपुढच्या दिव्यांगांसाठी दिवसभर सांभाळणारे एक केंद्र असावे, आणि ज्यांचे आईबाप गेले त्यांच्यासाठी जिल्ह्यात एक कायमचे घर असावे.

६. राष्ट्रीय न्यासाच्या स्थानिक समितीने पालकत्वाच्या अर्जांसाठी वर्षातून एकदा प्रत्येक तालुक्याला बसावे.

भावांनो, एक शेवटचे. या घरांतली माणसे बैठकीला येऊ शकत नाहीत. ज्याच्या घरी लेकरू आहे तो मोर्चाला येत नाही, रास्ता रोकोला येत नाही, म्हणून आजवर त्याचा विषय आला नाही. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक शाखेने अशा एका घरी आदल्या दिवशी जाऊन यावे. लेकराजवळ बसायला गावातली एक बाई ठेवावी आणि त्या आईला किंवा बापाला सोबत घेऊन यावे. बैठकीत पहिले बोलणे त्यांचे, आपले नंतर.